पथ्य, जोखीम आणि ‘माझं काय चुकलं?’

मी डॉक्टर आहे, पण तत्त्वज्ञानातला. मला नाडी बघता येत नाही. तरी आज मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबद्दल बोलणार आहे, कारण एका प्रश्नाने मला सोडलेलं नाही.

आमच्याच महाविद्यालयातले माझे एक स्नेही. माळकरी. मांसाहार नाही, दारू-तंबाखू नाही. शौचावाटे रक्त जायचं. ‘मूळव्याध असेल, आपल्याला दुसरं काय होणार’ म्हणून आठ महिने काढले. निदान झालं तेव्हा मला म्हणाले, “सर, सगळं पथ्य पाळलं. मग माझं काय चुकलं?”

या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. कारण आणि दोष.

आधी कारण बघू. आपल्या नैयायिकांनी कारण ओळखायला अन्वय-व्यतिरेक सांगितला. एक असेल तिथे दुसरं असतं, एक नसेल तिथे दुसरंही नसतं. डेनिस बर्किट हे आयरिश शल्यचिकित्सक युगांडात अनेक वर्षं होते. त्यांना दिसलं की भरपूर चोथा खाणाऱ्या तिथल्या खेडुतांत हा रोग क्वचित, आणि पाश्चात्त्य देशांत सर्रास. १९७१ मध्ये त्यांनी आहारातल्या चोथ्याकडे बोट दाखवलं. पण खेडूत चालतातही जास्त, मांस खातात कमी. मग श्रेय नेमकं कशाला द्यायचं?

म्हणून २०१५ चा एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. वीस आफ्रिकी-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातली वीस माणसं घेतली आणि दोन आठवडे त्यांच्या जेवणाची अदलाबदल केली. चोथा वाढला त्यांच्या आतड्याच्या अस्तरातला दाह कमी झाला. स्निग्ध पदार्थ आणि मांस वाढलं त्यांच्यात तो वाढला. आतड्यातले जिवाणू चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं द्रव्य तयार करतात, आणि अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर पोसतात. आता नीट ऐका हं, कर्करोग झाला किंवा टळला असं या प्रयोगाने दाखवलेलं नाही. दोन आठवड्यांत ते दिसणारही नाही. साध्या गाठीचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-एक वर्षं लागतात.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेज, बेकन यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्या गटात टाकलं. लोक घाबरले. पण तो गट पुरावा किती पक्का हे सांगतो, धोका किती मोठा हे सांगत नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे काय? समजा, शंभरातल्या पाचांना हा रोग होणार असेल, तर पाचाचे साधारण सहा होतात. पाचाचे तेवीस नव्हे!

तांबडं मांस, दारू, तंबाखू, लठ्ठपणा, बैठं आयुष्य यांनीही धोका वाढतो. अख्खी धान्यं, डाळी, भाज्या आणि चालणं-फिरणं यांनी तो कमी होतो. आणि शाकाहार म्हणजे चोथा असंही समजू नका. मैद्याची बिस्किटं, फरसाण आणि दिवसभर खुर्ची, हेही शाकाहारीच जगणं आहे.

आता दोष. ‘शंभरातले सहा’ हे विधान समूहाबद्दलचं आहे. त्या सहांत तुम्ही असाल का, हे ते सांगत नाही. वय वाढणं, घराण्यातून आलेली जनुकं, पेशी विभागताना होणारी आपसूक चूक, यांतलं काहीच आपण निवडलेलं नसतं. म्हणून मी स्नेह्यांना म्हटलं, “तुमचं काही चुकलं नाही. जोखीम म्हणजे आरोपपत्र नव्हे.”

(श्रोत्यांतून प्रश्न: मग पथ्य पाळायचं तरी कशाला?)

चांगलं विचारलंत. मशागत केली म्हणून पीक येईलच असं नाही, पण म्हणून शेतकरी मशागत सोडत नाही. मात्र मशागत केली आहे म्हणून तो शेताकडे पाठही फिरवत नाही. आमची चूक झाली ती इथे. रोग कुणाच्या हातात नव्हता, ते आठ महिने मात्र हातात होते. पथ्याला आम्ही हमी समजलो.

तेव्हा रक्त दिसलं, शौचाची सवय बदलून तशीच राहिली, कारण नसताना वजन उतरलं किंवा रक्त कमी झालं, तर मूळव्याध आहे की आणखी काही, हे घरी ठरवू नका. डॉक्टरांना ठरवू द्या. आणि पन्नाशीच्या आसपास असाल किंवा घरात कुणाला हा रोग झाला असेल, तर काही होत नसतानाही तपासणीबद्दल विचारा. लाजू नका.