भिंत कुठली, वाट कुठली?

मुलांच्या पानावर ‘सशाला गाजरापर्यंत पोहोचवा’ छापाचं कोडं हटकून असतं. पेन्सिल घेऊन मूल बसतं, दोन-चार वेळा खोडरबर फिरवतं आणि ससा मुक्कामी पोहोचतो. हेच काम करणारा प्रोग्रॅम लिहायचा म्हटलं की बहुतेकांना वाटतं, सगळी हुशारी वाट शोधण्यातच लागणार. पण वाट शोधण्याचा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच सुटला आहे. घाम फुटतो तो कागदावर काय छापलंय ते यंत्राला वाचायला लावताना.

आधी सोपा भाग. उजवा हात भिंतीला लावायचा आणि न सोडता चालत राहायचं, ही युक्ती अनेकांना ठाऊक असते. मात्र मुक्काम मधल्या सुट्या भिंतींच्या बेटात असेल, तर माणूस बाहेरच्या भिंतीला धरून जन्मभर फिरत राहील. त्रेमो या फ्रेंच इंजिनिअरने यावर पक्का तोडगा काढला. तो एदुआर ल्यूका या गणितज्ञाने 1882 मध्ये आपल्या पुस्तकात छापला. ज्या बोळातून जाल तिथे खूण करा, नव्या चौकात आलात की बिनखुणेचा बोळ धरा, बोळ बंद निघाला किंवा जुन्याच चौकात येऊन पडलात तर आल्या वाटेने मागे फिरा, आणि दोन खुणा झालेल्या बोळात पाऊल टाकू नका. एवढं पाळलं की वाट असेल तर सापडतेच.

सापडते, पण ती सगळ्यात जवळची असेलच असं नाही. त्यासाठीची रीत अमेरिकेतल्या एडवर्ड मूर यांनी 1959 मध्ये मांडली. शेतात पाटाचं पाणी सोडलं की ते जसं सगळ्या सऱ्यांमधून एकाच वेळी पुढे सरकतं, तशी ही रीत चालते. सुरुवातीच्या चौकटीला 0 हा आकडा द्यायचा, तिला लागून असलेल्या मोकळ्या चौकटींना 1, त्यांच्या शेजाऱ्यांना 2. गाजराच्या चौकटीवर समजा 412 आला, तर तिथून उलटं 411, 410 असं उतरत शून्यापर्यंत यायचं. उतरलेली वाट हीच सगळ्यात जवळची. दोनच वर्षांनी, 1961 मध्ये, सी. वाय. ली यांनी हीच रीत सर्किट बोर्डावरच्या तारांचे मार्ग आखायला वापरली. आज पायथनमध्ये हा सगळा प्रकार वीस-पंचवीस ओळींत बसतो. हजार बाय हजार पिक्सेलचं चित्र म्हणजे दहा लाख ठिपके, पण प्रत्येकाला एकदाच आकडा द्यायचा असल्यामुळे साधा लॅपटॉपही काही सेकंदांत मोकळा होतो.

आता वाचन. फोनने कोड्याचा फोटो काढला की आपल्याला काळ्या भिंती आणि पांढऱ्या वाटा दिसतात. प्रोग्रॅमला दिसतात 0 ते 255 मधले आकडे. 0 म्हणजे ठार काळा, 255 म्हणजे पांढराशुभ्र. मधे कुठेतरी रेघ मारायची, समजा 128 वर, आणि तिच्या खालचं सगळं भिंत ठरवायचं. कागदावर हाताची सावली पडली असेल, तर सावलीतला कोरा कागदही 128 च्या खाली जातो आणि अर्धं कोडं भिंतीत गडप होतं. म्हणून एकच रेघ सगळ्या पानाला न लावता प्रत्येक ठिपक्याची तुलना त्याच्या आसपासच्या ठिपक्यांच्या सरासरीशी करतात. शेजाऱ्यांपेक्षा बराच काळा असेल तर भिंत, नाहीतर वाट. सावलीचा प्रश्न यातून बराचसा मिटतो.

छपाईत एखादी रेघ केसभर तुटलेली असते. डोळा ती फट मनातल्या मनात सांधून घेतो, प्रोग्रॅम मात्र तिच्यातून आरपार निघून जातो. मग भिंती दोन-तीन ठिपक्यांनी जाड करायच्या, म्हणजे फटी बुजतात. जास्त जाड केल्या तर अरुंद बोळही बुजतात आणि उत्तर येतं : वाट नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो असेल तर विचारूच नका, कॉम्प्रेशनमुळे रेघांच्या कडेला करडा चिखल झालेला असतो.

खरी गंमत पुढे आहे. फटी बुजल्या, सावली गेली, प्रोग्रॅम चालवला, आणि त्याने दारातून बाहेर पडून पानाच्या कोऱ्या समासातून अख्ख्या कोड्याला वळसा घालून पलीकडच्या दारापर्यंत रेघ ओढली! चूक त्याची नाही. समास पांढरा, पांढरं म्हणजे वाट, आणि ही वाट सगळ्यात जवळची. बाहेरून जायचं नाही हा नियम छापलेला नसतो. (चलाख कार्टी हेही करून बघतात, ती गोष्ट वेगळी.) उपाय म्हणजे कोड्याची बाहेरची चौकट शोधून तिच्यापलीकडचं सगळं भिंत म्हणून रंगवायचं. तिरकं पाऊल टाकायची मुभा दिली तर आणखी एक पंचाईत होते. एक ठिपका जाडीच्या तिरप्या भिंतीतून प्रोग्रॅम कोपऱ्याकोपऱ्याने पलीकडे निसटतो. म्हणून फक्त चार दिशा.

फोटो वाकडा आला याची मात्र फार चिंता नको. चित्र कलंडलं तरी कुठला बोळ कुठल्या बोळाला जोडलाय ते बदलत नाही आणि प्रोग्रॅमला तेवढंच हवं असतं.

वाचन नीट झालं की कधी कधी शोधण्याची गरजच उरत नाही. दोन्ही दारं बाहेरच्या भिंतीत असतील आणि आत सुटी बेटं नसतील, तर सगळ्या भिंतींचे मिळून दोनच सलग तुकडे पडतात. एक लाल रंगवा, दुसरा निळा. ज्या वाटेच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी भिंत आहे, तेच उत्तर. मला ही युक्ती बाकी सगळ्यांहून देखणी वाटते.

कागद सोडून खऱ्याखुऱ्या भिंतींमध्ये यंत्र सोडलं तरी गोष्ट तीच. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांचा 1950 च्या सुमाराचा ‘थीसियस’ हा यांत्रिक उंदीर प्रसिद्ध आहे. 25 चौकटींत तो धडपडत एकदा वाट शोधायचा आणि दुसऱ्यांदा सरळ जायचा. त्याचा मेंदू जमिनीखालच्या रिलेंमध्ये होता, उंदराला नुसतं लोहचुंबक ओढत असे. पुढे आलेल्या मायक्रोमाउस स्पर्धांत मेंदूही उंदराच्याच अंगावर बसवावा लागला. 16 बाय 16 चौकटी, प्रत्येक 18 सेंटिमीटरची, मुक्काम बरोबर मध्यभागी. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्येही ही स्पर्धा होत आली आहे. तिथेही वाट शोधण्याची रीत मूर यांच्याच जातकुळीतली. कस लागतो तो भिंत ओळखणाऱ्या सेन्सरचा आणि वळणावर न घसरणाऱ्या चाकांचा.

घरात प्रोग्रॅमिंग शिकणारं कुणी असेल तर एखाद्या पुरवणीतलं असं कोडं देऊन बघा. फोटो दिवसा खिडकीपाशी काढावा, हाताची सावली पडू देऊ नये. आणि उत्तर चुकलं तर वाट शोधणाऱ्या ओळींना हात लावण्याआधी काळं-पांढरं केलेलं चित्र मोठं करून डोळ्यांनी तपासावं. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.