ड्रॅगन पुण्यात, पार्टनर सोलापुरात!

शुक्रवारची संध्याकाळ. पुण्यातलं ऑफिस सुटलंय, रूम-पार्टनर त्याच्या गावी पळालाय आणि तुमची सोलापूरची ‘हुतात्मा’ डोळ्यांदेखत सुटलीय. आता उद्यापर्यंत करायचं काय? स्क्रीन तर दिवसभर बघून झाली. मग बॅगेतून एक छोटा डबा काढा. नाव ‘वन डेक डंजन’. पत्त्यांच्या एका कॅटात मावलेलं अख्खं भुयार!

लहानपणी आपल्या भुईकोट किल्ल्यात भुयाराच्या गप्पा मारल्या असतील, तर फंडा लगेच कळेल. ख्रिस सिस्लिकने बनवलेला आणि अस्माडी गेम्सने 2016मध्ये आणलेला हा गेम. पट नाही, प्याद्यांचा पसारा नाही. मुख्यतः पत्ते आणि रंगीत फासे. योद्धा, तिरंदाज, जादूगार... तुमची नायिका निवडा (हो, सगळ्या नायिकाच आहेत!) आणि घुसा आत.

पालथा पत्ता म्हणजे बंद दार. उलटला की राक्षस तरी, नाहीतर सापळा. त्यावरच्या चौकोनांवर पुरेशा आकड्याचे फासे बसवायचे. पिवळे ताकदीचे, गुलाबी चपळाईचे, निळे जादूचे. एखादा चौकोन उघडा राहिला की जखम होते नाहीतर वेळ जातो. आणि खरी गंमत पुढे आहे. हरवलेला पत्ता तुमचाच होतो! तो वस्तू म्हणून ठेवा, कौशल्य म्हणून किंवा अनुभव म्हणून. पण तिन्हींपैकी एकच. तीन मजले उतरलात की खाली बॉस. आपला नाही, ड्रॅगन!

एकट्याने खेळताना डाव साधारण अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. हरलात तरी बघायला कोणी नाही. शिकायला हा सोलो मोड एकदम बेस्ट. पत्त्यांवरचं इंग्रजी सोपं आहे आणि दोन-तीन डावांत हात बसतो.

पण डबा तिथेच ठेवू नका. पुढच्या शनिवारी गावी न्या. (गाडीत खेळणार असाल तर फासे टिफिनच्या झाकणात टाका, नाहीतर सीटखाली शोधत बसाल.) सात रस्त्यावरच्या चहानंतर शाळेतल्या त्या मित्राला घरी बोलवा. तोच, ज्याच्याशी हल्ली फक्त वाढदिवसाला बोलणं होतं. आता दोघांसाठी नायिकेचं कार्ड उलटं करायचं. मागच्या बाजूला तीच नायिका असते, पण तिचे फासे कमी! म्हणजे जोडीदार आला की एकेकाची ताकद घटते आणि एकमेकांच्या फाशांवर भिस्त ठेवावी लागते. एक मेली तर दोघंही हरले. त्यामुळे ‘अरे, तुझा निळा इकडे दे ना’ म्हणत बोलणं आपोआप सुरू होतं. कसं चाललंय, हे वेगळं विचारावंच लागत नाही.

ग्रुप मोठा आहे? असे दोन डबे जोडले की चौघं खेळू शकतात. मध्ये शेंगाचटणी आणि कडक भाकरी ठेवा, फक्त तेलकट हात पत्त्यांना लावू नका.

नोकरीने आपल्यापैकी बऱ्याच जणांना सोलो मोडवर टाकलंय. त्यात वाईट काही नाही, सराव होतो. पण कार्डाला दुसरी बाजू आहे. ती पुण्यात एकट्याने बसून उलटता येत नाही, बॉस. तेव्हा पुढच्या शुक्रवारी गाडी चुकवू नका!