विमान त्याचं, काम कंपनीचं

सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर सकाळी गेलात तर सेसना 172 च्या पंखाखाली वाकलेलं कुणीतरी हमखास दिसतं. हातातल्या पारदर्शक नळीत टाकीतलं थोडं पेट्रोल काढायचं, उजेडात धरायचं, तळाशी पाण्याचा थेंब नाही ना ते बघायचं. अमेरिकेत खासगी पायलटचा परवाना किमान 40 तासांच्या उड्डाणानंतर मिळू शकतो, विमान तासावर भाड्यानं मिळतं, आणि सॉफ्टवेअरच्या पगारात हा शौक बसतो. तसा तो आपल्या मराठी मंडळींतही काहींना लागला आहे.

मग कधीतरी सोमवारी फ्रेस्नोला ग्राहकाकडे जायचं असतं. गाडीनं 150 मैल, म्हणजे अडीच-तीन तास. सेसनानं तासाभरात. पठ्ठ्या स्वतःच उडत जातो आणि महिनाअखेरीला कंपनीला बिल लावतो. हे बिल मंजूर करणाऱ्याच्या डोक्यात सहसा एक-दोन पक्के समज असतात, आणि ते चुकीचे असतात.

खासगी परवान्यावर कामासाठी उडताच येत नाही, हा त्यातला पहिला. येतं. अमेरिकी हवाई नियमांतलं कलम 61.113 सांगतं की उड्डाण हे नोकरीधंद्याला निव्वळ आनुषंगिक असेल आणि पैसे घेऊन माणसं किंवा माल नेला जात नसेल, तर खासगी पायलटला कामासाठी उडता येतं. खुद्द अमेरिकेचं केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना स्वतःच्या विमानानं दौरा केल्यास मैलामागे भत्ता देतं. 2024 साली तो 1.76 डॉलर होता, गाडीला 67 सेंट. मेख आहे ती ‘आनुषंगिक’ या शब्दात. इंजिनिअर मीटिंगला जातो आणि जाण्याचं साधन म्हणून विमान वापरतो, इथवर ठीक. साहेबांना इकडून तिकडे पोचवणं हेच त्याचं काम झालं, की तो पगारी चालक ठरतो आणि खासगी परवाना तिथे पुरत नाही. सहकारी सोबत बसले की पैसे कुणी, किती आणि कशाचे दिले हेही तपासलं जातं.

दुसरा समज जास्त महागात पडतो: विमान कंपनीचं नाही, तेव्हा कंपनीचा संबंध नाही. अमेरिकी कायद्यात जुनं तत्त्व आहे की नोकरानं धन्याचं काम करताना हलगर्जीपणा केला, तर भरपाई धन्याकडूनही मागता येते. अवजार कुणाच्या मालकीचं होतं, यावर ते अडत नाही.

फ्रेस्नोचंच घ्या. हिवाळ्यात पाऊस होऊन गेला की तिथल्या खोऱ्यात जमिनीलगत दाट धुकं बसतं. ‘टूली फॉग’ म्हणतात त्याला. गाडीच्या बॉनेटपुढचं दिसत नाही. केवळ उपकरणांवर उडण्याचं वेगळं प्रशिक्षण नसेल, तर त्यात शिरणं नियमाबाहेर आणि जिवाशी खेळ. पण दहाची मीटिंग आहे, साहेबांचा फोन येऊन गेलाय. ‘पोचायचंच’ या हट्टाला तिथल्या पायलट लोकांत स्वतंत्र शब्द आहे, इतका तो ओळखीचा. उद्या अपघात झाला आणि जमिनीवरचं कुणी दगावलं, तर त्या घरचा वकील विचारील: दौरा कुणाच्या कामाचा होता? खर्च कोण देणार होतं? याला उडू देण्याआधी याचा अनुभव कुणी विचारला होता का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत अडचणीचा, कारण तिथे पायलटची चूक बाजूला राहते आणि कंपनीची स्वतःची चूक समोर येते.

यावर उत्तर मिळतं, “आमचा दायित्व विमा आहे की!” तो काढून वाचावा. अमेरिकेतल्या व्यावसायिक दायित्व विम्याचा सर्रास वापरला जाणारा मसुदा आहे, त्यातलं ‘जी’ हे अपवादाचं कलम. विमाधारकानं चालवलेल्या, भाड्यानं किंवा उसन्या घेतलेल्या विमानातून उद्भवलेली हानी त्यातून सरळ वगळलेली असते. आणि कंपनीचं काम करत असलेला कर्मचारी त्याच पॉलिसीत विमाधारक धरला जातो! म्हणजे आपला माणूस कामासाठी उडाला की नेमकं त्याच दिवशी छत्री घरी राहिलेली. पायलटच्या स्वतःच्या पॉलिसीवर भिस्त ठेवावी, तर तिथे एकूण मर्यादा 10 लाख डॉलर आणि दर प्रवाशामागे फक्त 1 लाख अशी रचना अगदी नेहमीची आहे. दोन सहकारी सोबत असतील तर एवढ्यात काय होणार? यासाठी वेगळा विमा मिळतो, कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या विमानांपुरता. पण तो मागावा लागतो, आपोआप येत नाही.

काही ठिकाणी कर्मचाऱ्याकडून ‘मी माझ्या जबाबदारीवर उडतो’ असं लिहून घेतात. त्यानं फारसं काही साधत नाही. कामाच्या दौऱ्यात इजा झाली तर कामगार भरपाई कायदा लागू होतो, चूक कुणाची हे न बघता. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेचं कलम 5000 तर सांगतं की कुठल्याही करारानं मालकाला ही जबाबदारी झटकता येत नाही. आणि ज्याच्या छपरावर विमान पडलं, त्यानं कुठे सही केलीय?

मग सरसकट बंदी घालावी का? घालता येते, अनेक कंपन्या घालतात. मात्र नियमावलीत बंदी आणि बिलांवर मंजुरीचा शिक्का, असं चालत असेल तर कोर्टात त्या कागदाचा आधार फारसा मिळत नाही. नेमकी उडण्याला मनाई होती, एवढ्यावरून ते काम कंपनीचं नव्हतं असं ठरत नाही. माझं मत विचाराल तर परवानगी द्या, पण लेखी आणि अटींवर: किमान किती तासांचा अनुभव, रात्री उडायचं की नाही, सहकाऱ्यांना न्यायचं की नाही, आणि पायलटच्या पॉलिसीत कंपनीचं नाव जोडलंय की नाही.

आणि परवाना खिशात असलेल्या वाचकांनो, फ्रेस्नोच्या दौऱ्याआधी हवामान बघण्याबरोबरच एचआरलाही एक मेल टाका. उत्तर लेखी आलं नाही, तर त्या दिवशी गाडीनं जा.