वरचा नकाशा, खालचा दगड

दोस्तांनो, शाळेत भूगोलाची गाठ कुणाशी बांधलेली असते? इतिहासाशी! 'इतिहास-भूगोल' हे जोडनाव आपण एका दमात घेतो. पण भूगोलाचं आणखी एक सख्खं भावंड आहे, भूगर्भशास्त्र. शाळेत त्याची जेमतेमच ओळख होते. कॉलेजात ही दोघं एकत्र शिकता येतील का आणि शिकून करायचं काय, असं बरीच मुलं विचारतात. (आई-बाबा तर हटकून विचारतात!)

आधी विहिरीची गोष्ट ऐका. मे महिना. शेजारी-शेजारी दोन रानं. एका विहिरीत पाणी, दुसरी ठणठणीत कोरडी. दुसऱ्या शेतकऱ्याने पाणाड्याला बोलावून, कर्ज काढून बोअर मारली, तर नुसता धुरळा वर आला. पाऊस तर दोघांच्या रानात सारखाच पडला होता. मग असं का?

पाऊस किती पडतो, हे भूगोल सांगतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम त्याचा दहावा हिस्सा! सह्याद्रीने ढग अडवले, म्हणून. पण पडलेलं पाणी जमिनीखाली कुठे मुरतं, ते दगडाला विचारावं लागतं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. आजही तो काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. अखंड कातळात पाणी शिरत नाही. ते राहतं तड्यांत आणि मुरमात. एका विहिरीला तडा लागला, दुसऱ्याच्या बोअरला अखंड कातळ लागला. एवढाच फरक, पण त्यात एक घर कर्जात बुडतं.

याहून गंभीर गोष्ट आहे दरडींची. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आणि दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचं नावच नव्हतं!

अशी यादी करायची कशी? उतार किती, पाऊस किती, घरं कुठे, पळायची वाट कुठली, हे भूगोलवाला नकाशावर मांडतो. कातळावर मातीचा थर किती जाड आहे, पाणी कुठून झिरपतं, ही माहिती भूगर्भवाला आणतो. एकाचीच बाजू धरली, तर यादीत भोक राहणारच. म्हणून दोन्ही भाषा येणारं माणूस हवं.

आता कॉलेजचं बघू. आपल्या राज्यात अकरावी-बारावीला भूगोल आणि भूगर्भशास्त्र हे दोन्ही विषय आहेत, पण दुसरा फार थोड्या ठिकाणी शिकवतात. पदवीला खरी अडचण येते. भूगोल बहुतेक ठिकाणी कला शाखेत, भूगर्भशास्त्र विज्ञानात, मधे भिंत! २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाच्या जोडीला दुसऱ्या शाखेतला विषय घ्यायची वाट मोकळी केली. मात्र त्या कॉलेजात दोन्ही विभाग हवेत ना! पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये आहेत. इतर ठिकाणी प्रवेशाआधी चौकशी करा, वेळापत्रकंही जुळतात का ते विचारा.

माझं मत विचाराल, तर विज्ञान आवडत असेल त्याने भूगर्भशास्त्र मुख्य घ्यावं आणि भूगोल जोडीला. कारण व्यवहाराचं आहे. १८५१ पासून काम करणाऱ्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं, तर केंद्राची स्पर्धा परीक्षा असते. तिला भूगर्भशास्त्रातली किंवा त्याच्याशी निगडित विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या भूगोलावर भागत नाही. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतही हेच ज्ञान लागतं. पण उपग्रहाची चित्रं आणि संगणकावरचे नकाशे वाचायची सवय भूगोलात चांगली लागते, आणि तिच्यावाचून आज कुठल्याच सर्वेक्षणाचं पान हलत नाही.

हो, आणि उन्हाची तयारी ठेवा! हातोडा, भिंग, होकायंत्र आणि पाठीवर दगडांची पिशवी. संध्याकाळी ती पिशवी सकाळच्या दुप्पट जड लागते.

पुढच्या खेपेला एस.टी. घाटातून जाईल, तेव्हा खिडकी पकडा. कापलेल्या डोंगरात काळ्या थरांच्या मधे कुठे विटकरी पट्टा दिसतो का पाहा. एक लाव्हा थंड झाल्यावर त्याची झीज होऊन माती झाली आणि वर पुढचा लाव्हा आला, म्हणजे हा पट्टा. तो पुष्कळदा चिकणमातीचा असतो, पाण्याला सहजी खाली जाऊ देत नाही. मग नेमका त्याच्या वरच झरा का फुटतो, ते तुम्हीच सांगा बरं!