दवाखाना ज्याचा, जबाबदारी त्याची

लंडन : ब्रिटनमध्ये दातांच्या दवाखान्यात शिरले की रुग्णाला दिसेल अशा जागी दरपत्रक, तक्रार करण्याची पद्धत आणि तिथल्या माणसांची नावे नोंदणी क्रमांकांसह लावलेली असतात. जनरल डेंटल कौन्सिल या नियामक संस्थेचा तसा नियम आहे. नोंदणी फक्त दंतवैद्याचीच नसते. त्याच्या शेजारी उभी राहणारी नर्स, दात साफ करणारा हायजिनिस्ट, कवळी बनवणारा तंत्रज्ञ यांनाही ती सक्तीची आहे. आपापल्या कामाचा जाब प्रत्येकाला द्यावा लागतो. चूक झाली तर रुग्णाला भरपाई मिळेल असे विम्याचे किंवा तत्सम संरक्षण असल्याशिवाय काम करता येत नाही.

चुकीची दखल इथे दोन ठिकाणी घेतली जाते. भरपाई न्यायालय देते. त्यासाठी इजा झाल्यापासून किंवा ती लक्षात आल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. व्यवसाय करण्याची लायकी मात्र कौन्सिल तपासते. ताकीद, अटी, निलंबन आणि शेवटी नोंदवहीतून नाव काढणे, इथपर्यंत तिचे अधिकार आहेत.

संमतीच्या बाबतीत इथला कायदा २०१५ साली बदलला. स्कॉटलंडमधल्या एका मधुमेही मातेला प्रसूतीतला धोका डॉक्टरांनी सांगितला नव्हता आणि बाळाला कायमची इजा झाली. या मॉन्टगोमेरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की धोका किती सांगायचा हे डॉक्टरांच्या रिवाजावर सोडता येणार नाही. त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला काय महत्त्वाचे वाटेल, ते पाहावे लागेल. दंतवैद्यकालाही हाच निकष लागू आहे. खालची अक्कलदाढ काढताना जवळच्या नसेला धक्का लागून ओठ किंवा जीभ कायमची बधिर होण्याचा धोका थोडाच असतो. पण समोरचा रुग्ण बासरीवादक किंवा गायक असेल, तर तो थोडासा धोकाही त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो. फॉर्मवर सही घेतली म्हणजे संमती मिळाली, असे म्हणून डॉक्टरला सुटता येत नाही.

धोक्याबद्दल बोलणे झाले होते की नाही, तपासणी नीट झाली होती की नाही, हे पुढे नोंदींवरून ठरते. हिरड्यांचा आजार वर्षानुवर्षे लक्षात न आल्याचे दावे इथे नेहमीचे आहेत. तोंडाचे सहा भाग पाडून प्रत्येक भागातल्या हिरड्यांची तपासणी आकड्यात लिहून ठेवायची पद्धत आहे. ते आकडेच कागदावर नसतील तर डॉक्टरची बाजू लंगडी पडते. या नोंदींची प्रत रुग्णाने मागितली तर सहसा महिन्याभरात आणि विनामूल्य द्यावी लागते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अपील न्यायालयाचा २०२२ मधला निकाल. सरकारी आरोग्यसेवेच्या एका रुग्ण महिलेने दवाखान्याच्या मालकावर दावा लावला होता. उपचार करणारे दंतवैद्य आपले नोकर नाहीत, ते स्वतंत्र व्यावसायिक आहेत, असा बचाव होता. ते नोकरासारखे नाहीत, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही रुग्णाची काळजी घेण्याचे मालकाचे कर्तव्य दुसऱ्यावर सोपवून संपत नाही, असे ठरवले. काम दुसऱ्याला देता येते, जबाबदारी देता येत नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला आतले करार ठाऊक नसतात. तो दवाखान्यावर भरवसा ठेवून आलेला असतो.

आपल्याकडून बीडीएस होऊन येणाऱ्यांना नोंदणीसाठी इथली परीक्षा द्यावी लागते आणि या शिस्तीत वावरावे लागते. भारतातही १९९५ पासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. संमतीच्या बाबतीत मात्र आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली, वैद्यकीय व्यवसायात पुरेशी मानली जाते तेवढी माहिती, हाच निकष ठेवला. म्हणून आपल्या रुग्णाने स्वतः विचारायला हवे. दाढ काढण्यापूर्वी किंवा रूट कॅनालपूर्वी धोका काय, दुसरा उपाय कोणता, खर्च किती आणि काही बिघडले तर उत्तर कोण देणार, हे विचारा आणि लेखी मागा. चांगल्या दंतवैद्याला या प्रश्नांचा राग येत नाही.