पटावर नाव, फडात मूल

दिवाळीचा फराळ संपत आला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांतली गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, बाजरीची पोती, एखादी शेळी, वर माणसं आणि त्यांच्या कुशीत लेकरं. ऊसतोडीची टोळी कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा थेट कर्नाटकात निघते आणि साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परतते. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. म्हणजे अभ्यासाचे ऐन महिने मूल उसाच्या फडात काढतं आणि घरी येतं तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. हजेरीपटावर त्याचं नाव मात्र वर्षभर असतं.

राज्यातल्या ऊसतोड कामगारांची संख्या आठ ते बारा लाखांच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. त्यातले बरेच जण बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातले, जिथे पाऊस कमी, जमीन हलकी आणि दिवाळीनंतर गावात काम नाही.

मुलांच्या या बुडालेल्या शिक्षणाची किंमत समजायला थिओडोर शुल्त्झ यांचा विचार उपयोगी पडतो. ते अमेरिकेतल्या दक्षिण डकोटाच्या शेतकरी घरातून आलेले अर्थतज्ज्ञ. 1960 मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी एक साधा पण त्या काळी अनेकांना खटकलेला विचार मांडला. शिक्षण, आरोग्य, कौशल्य यांवर होणारा खर्च ही गुंतवणूक आहे. कारखान्यातल्या यंत्रासारखीच ती पुढे उत्पन्न देते. यालाच मानवी भांडवल म्हणतात. शुल्त्झ यांना 1979 मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या यादीत आणखी एक बाब होती: चांगल्या कामाच्या शोधात केलेलं स्थलांतर. माणूस गाव सोडतो, अधिक मिळवतो, घर पुढे जातं. ऊसतोडीचं स्थलांतर मात्र या यादीत बसत नाही. ते दरवर्षी होतं, त्याच कामासाठी होतं आणि जाताना पुढच्या पिढीचं शिक्षण मोडून जातं.

असं का होतं, हे उचलीच्या, म्हणजे आगाऊ रकमेच्या, व्यवहारात दिसतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, जोडप्याला उचल देतो, बहुतेकदा पन्नास हजार ते लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त. ती लग्नात, दवाखान्यात, पावसाळ्यातल्या घरखर्चात संपते आणि मग हंगामभर ऊस तोडून फेडायची असते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, तेव्हा तो टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला. एक जोडपं पहाटेपासून राबून दिवसाला दीड-दोन टन तोडतं. आजारपणाने खाडा पडला की मजुरी जाते, वर दंड. हंगाम संपताना बाकी उरली तर ती पुढच्या वर्षावर चढते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

या हिशेबात मुलाच्या शाळेला जागा कुठे? लहानाला सांभाळायला मोठी बहीण कोपीवर, म्हणजे झोपडीवर, थांबते. मोठा मुलगा वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करतो, मोळ्या बांधू लागतो. मुलीचं लग्न लवकर लावलं की फडावर तिची काळजी उरत नाही आणि नव्या घरात एक पूर्ण कोयता तयार होतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. राज्याचं प्रमाण याच्या निम्मं, 21.9 टक्के. शरीराचीही तीच गत आहे. 2019 मध्ये जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं असल्याचं समोर आलं. शिक्षणाइतकंच आरोग्य हेही भांडवल, आणि ते इथे तरुण वयातच झिजतं.

याच साखरेने दुसरीकडे काय घडवलं, तेही पाहायला हवं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना उभा राहिला आणि त्याच्या परिसरात शाळा, महाविद्यालयं, रुग्णालय आलं. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी कारखान्याबरोबर शिक्षणसंस्था वाढवल्या. ऊस पिकवणाऱ्याचा मुलगा इंजिनिअर झाला, डॉक्टर झाला. हे खरं यश आहे आणि महाराष्ट्राने त्याचा अभिमान बाळगावा. पण तोच ऊस तोडणाऱ्याच्या मुलापर्यंत हे यश पोचलं नाही. एकाच पिकातून एका घरात भांडवल साठत गेलं आणि दुसऱ्या घरात कर्ज. ग्रामीण विषमता पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकते, याचं इतकं स्पष्ट उदाहरण राज्यात दुसरं क्वचितच सापडेल.

उपाय कुणाला माहीत नाही असं नाही. इंडोनेशियाने 1973 ते 1979 या काळात 61 हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी पुढे त्या काळातल्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा जिथे शाळा जास्त बांधल्या गेल्या तिथली मुलं अधिक शिकली आणि मोठेपणी त्यांची कमाईही वाढली, असं दिसलं. फक्त शाळेपर्यंत मूल पोचायला हवं. ते शेकडो किलोमीटर दूर जात असेल तर गावातली इमारत कितीही चांगली असून उपयोग नाही.

म्हणून इथला खरा उपाय वसतिगृह. महाराष्ट्राला तो नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींची गरीब मुलं एका छपराखाली ठेवून शिकवली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी फडाजवळ साखरशाळा चालवून झाल्या. पण टोळीचा मुक्काम हलला की वर्ग मोडतो. त्यानंतर गावातच हंगामी वसतिगृहं आली. अनेक ठिकाणी त्यांचं रूप दोन वेळचं जेवण एवढंच असतं. मुलं झोपतात आजीकडे. तरी तेवढ्यानेही आजी-आजोबांवरचा भार हलका होतो आणि मूल मागे राहतं. 2021 मध्ये सरकारने संत भगवानबाबा यांच्या नावाने 41 तालुक्यांत मुला-मुलींसाठी 82 शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर केली, आणि कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी घेण्याचं ठरलं. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे.

अडतं ते वेळेवर. हंगामी वसतिगृहांची मंजुरी आणि निधी अनेकदा टोळ्या निघून गेल्यावर येतो. आईबापांनी तोवर मूल सोबत नेलेलं असतं. जेवणाची सोय नसलेल्या घरात त्याला कोण ठेवणार? कुठल्या वस्तीतली किती मुलं जाणार, हे गावातल्या शिक्षकांना आणि सरपंचांना गणेशोत्सवापासूनच ठाऊक असतं. याद्या तेव्हाच तयार कराव्यात, पैसा तेव्हाच यावा आणि वसतिगृहाची चूल दसऱ्याच्या आत पेटावी. मुलींची निवासी सोय आधी व्हावी. ज्यांचं गाव या पट्ट्यात आहे, त्यांनी यंदाच्या ग्रामसभेत हा एकच प्रश्न विचारावा: आपल्या शाळेचं वसतिगृह कोणत्या तारखेला सुरू होणार?