धक्क्यावरचे विजेचे ट्रक

मुलांनो, घारापुरीची लेणी पाहायला तुम्ही कधी लाँचने गेला आहात का? गेला असाल, तर पलीकडच्या किनाऱ्यावर उंच उंच क्रेन तुम्ही पाहिल्या असतील. ते रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर आहे. ते 1989 साली सुरू झाले.

येथे येणारा बहुतेक माल मोठ्या पोलादी पेट्यांतून येतो. या पेटीला कंटेनर म्हणतात. लहान कंटेनर 20 फूट लांब असतो, तर मोठा 40 फूट. 1956 साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी अशा 58 पेट्या जहाजावरून नेल्या. पुढे ही पद्धत जगभर पसरली.

आता धक्क्यावरचे काम पाहा. क्रेन जहाजातून कंटेनर उचलते आणि खाली उभ्या असलेल्या ट्रकवर ठेवते. ट्रक तो आवारात नेतो. तेथे दुसरी क्रेन तो उतरवून घेते. मग ट्रक पुन्हा धक्क्याकडे येतो. अंतर थोडेच असते. पण फेऱ्या रात्रंदिवस चालतात. ट्रक वेळेवर आला नाही, तर क्रेन थांबते. क्रेन थांबली, की जहाजही अडकून पडते. म्हणून ट्रक किती जोरात धावतो, यापेक्षा तो वेळेवर येतो का, हे महत्त्वाचे असते.

डिझेलचा ट्रक रांगेत उभा असतानाही त्याचे इंजिन बहुधा चालूच असते. डिझेल जळते, धूर होतो आणि तो धूर तेथील चालकांच्या व कामगारांच्या छातीत जातो. विजेचा ट्रक थांबला, की त्याची मोटरही थांबते. सुटताना तिला पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर मिळतो. ब्रेक लावताना तीच मोटर थोडी वीज तयार करून बॅटरीत परत भरते.

मग अडचण कोणती? बॅटरी भरायला वेळ लागतो. तेवढा वेळ ट्रक उभा राहिला, तर काम कसे वाढेल? यावर एक सोपा उपाय निघाला : रिकामी बॅटरी काढायची आणि भरलेली बसवायची. हे काम काही मिनिटांतच होते. सप्टेंबर 2025 मध्ये न्हावा-शेव्याला असे बॅटरी बदलता येणारे ट्रक धावू लागले.

हे ट्रक महाग असतात, हे खरे. शिवाय वीज कोळशापासून केली, तर धूर संपत नाही. तो वीजकेंद्राकडे जातो. तरीही धक्क्यावर काम करणाऱ्यांना स्वच्छ हवा मिळते, हा लाभ लहान नाही.

आखाती देशांतून येणारे बरेच खजूर अशाच कंटेनरांतून आपल्याकडे येतात. पुढच्या वेळी खजूर खाताना तो ट्रक आणि तो चालवणारा माणूस यांची आठवण ठेवा.

स्वाध्याय
1. ट्रक उशिरा आला, तर जहाज का अडकून पडते?
2. बॅटरी बदलल्यामुळे वेळ कसा वाचतो?
3. विजेच्या ट्रकांचे दोन फायदे व एक अडचण तुमच्या शब्दांत लिहा.